आडव्या रेघेचा अर्थ कोणी लावायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

समजा, नाशिकमधल्या एका विद्यार्थिनीने हवामान सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. संगणकाच्या काळ्या पडद्यावर प्रोग्रॅमचे नाव टंकायचे, पुढे '--प्लेस' असे लिहायचे आणि त्यापुढे हव्या त्या गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे. लगेच तिथले तापमान हजर. तिने नाशिकसाठी २०.०,७३.८ दिले, उत्तर आले. मुंबईसाठी १९.१,७२.९ दिले, उत्तर आले. लंडनचे ५१.५,-०.१ दिले, तेही आले. मग तिच्या केप टाउनमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीने तो चालवून पाहिला. दक्षिण गोलार्धातले अक्षांश उणे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून तिने -३३.९,१८.४ असे टंकले. प्रोग्रॅम म्हणाला, '--प्लेस'पुढे एक मूल्य अपेक्षित आहे. आता मूल्य तर समोर लिहिलेले होते! सिडनीचे दिले, तेच उत्तर. ब्युनोस आयर्सचे दिले, पुन्हा तेच. विषुववृत्त ओलांडले की प्रोग्रॅम बहिरा.

गंमत पुढेच आहे. -३३.९ एवढा एकच आकडा दिला, तर तो निमूटपणे स्वीकारला जातो. दोन्ही आकडे दिले, पण स्वल्पविरामानंतर थोडी जागा सोडून सगळे अवतरणचिन्हांत घातले, तरीही स्वीकारला जातो. सलग लिहिले की मात्र नकार.

हा दोष आहे का? संगणकवाल्यांच्या भाषेत, हा 'बग' आहे का? विद्यार्थिनी काल्पनिक आहे, प्रोग्रॅमही काल्पनिक आहे. पण हे वागणे खरे आहे. पायथन या भाषेबरोबर 'आर्गपार्स' नावाचा एक तयार भाग मिळतो, त्याचे ते वागणे आहे. जगभरचे प्रोग्रॅमर रोज तो वापरतात. आणि वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून तर आज त्याविषयी बोलायचे. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात, छापताना त्या देवनागरीत दिल्या आहेत.)

आधी थोडी पार्श्वभूमी. माऊस आणि चित्रे येण्यापूर्वी संगणकाला लेखी हुकूम द्यावे लागत. ती पद्धत आजही जिवंत आहे. बँकांचे, विमान कंपन्यांचे, वेबसाईटचे मोठे संगणक सांभाळणारी मंडळी आज्ञेची ओळ टंकूनच काम करतात. अशा ओळीत पहिला शब्द प्रोग्रॅमचे नाव असतो. पुढच्या काही शब्दांवर काम करायचे असते, उदाहरणार्थ फाईलींची नावे. आणि काही शब्द ते काम कसे करायचे हे सांगतात. त्यांना पर्याय म्हणतात. पर्याय ओळखू यावा म्हणून त्याच्या आधी आडवी रेघ काढायची. फाईल पुसणाऱ्या 'आरएम' या आज्ञेपुढे '-आर' लिहिले, की फोल्डर आतल्या सर्व गोष्टींसकट पुसायचे. '-एफ' लिहिले, की उलट प्रश्न न विचारता पुसायचे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणकाच्या मूळ यंत्रणेला या आडव्या रेघेचे काहीच सोयरसुतक नसते. 'शेल' नावाचा मधला दुवा ओळीचे शब्द सुटे करतो आणि ते प्रोग्रॅमच्या हाती ठेवतो, बस्स. रेघ असलेला शब्द पर्याय मानायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅम ते आपापल्या मनाने ठरवी. त्याच्या खुणा आजही दिसतात. 'टार'ला रेघेशिवाय दिलेले पर्यायही चालतात, 'फाईंड'ला एका रेघेपुढे आख्खा शब्द लागतो, आणि 'डीडी' तर रेघ वापरतच नाही, बरोबरचे चिन्ह वापरते. मग हे शब्द वाचण्याचे काम एका सामाईक भागाकडे द्यावे, असा विचार झाला. त्या भागाला पार्सर म्हणतात. एटी अँड टी कंपनीने 'गेटऑप्ट' नावाचा आपला पार्सर १९८५ साली डॅलसच्या परिषदेत सर्वांना खुला केला. पुढे पॉझिक्स या मानकात पर्याय कसे लिहावेत याचे नियमही छापले गेले. पण तोवर सवयी पडून गेल्या होत्या. गावात आधी घरे उभी राहावीत आणि मग नगररचनेचा आराखडा यावा, तसे हे झाले.

त्यामुळे विचित्र वागणे दिसले, की पहिला प्रश्न असा विचारावा लागतो: वचन काय दिले होते? साधे उदाहरण घ्या. लिनक्सवर 'आरएम फोल्डर -आरएफ' असे लिहिले, म्हणजे नाव आधी आणि पर्याय नंतर, तरी फोल्डर पुसले जाते. हीच ओळ ॲपलच्या मॅकवर चालत नाही. तो आधी म्हणतो, हे फोल्डर आहे. आणि मग म्हणतो, '-आरएफ' नावाची फाईल सापडत नाही. लिनक्सवर वाढलेला प्रोग्रॅमर छातीठोकपणे सांगतो की मॅकमध्ये बग आहे. खरे पाहता पॉझिक्सचा नियम मॅकच्या बाजूचा आहे: सर्व पर्याय आधी, बाकीचे शब्द नंतर. लिनक्सवरच्या जीएनयू प्रकल्पाच्या पार्सरने वापरणाऱ्याच्या सोयीसाठी शब्दांची फेरजुळणी करायचे ठरवले, आणि तसे आपल्या माहितीपुस्तकात लिहिलेही. नियमाप्रमाणे वागायला हवे असेल, तर 'पॉझिक्सली-करेक्ट' नावाची एक खूण आधी लावून ठेवायची. मग तोही मॅकसारखा वागतो. दोघांनीही आपापले वचन पाळले आहे. बग कोणातच नाही. पण एका यंत्रावर लिहिलेली ओळ दुसऱ्यावर चालेल असे धरून बसलेल्या माणसाची रात्र वाया जाते, ती जातेच.

आता वचन स्पष्ट असूनही मोडले गेले, असे एक उदाहरण. आर्गपार्समध्ये लांबलचक पर्यायाचे नाव अर्धेच लिहिले तरी चालते. '--वर्बोज'ऐवजी '--वर्ब' लिहिले, आणि तसा दुसरा पर्याय नसला, तर तो समजून घेतो. काहींना हे नको असते. म्हणून २०१५ साली आलेल्या पायथन ३.५ मध्ये ही सवलत बंद करण्याची सोय दिली. ती वापरणाऱ्यांच्या लक्षात आले की '-व्हीव्ही' लिहिणेही बंद झाले आहे. दोन सुटी अक्षरे एका रेघेमागे जोडून लिहिणे ही फार जुनी रीत आहे, आणि तिचा अर्ध्या नावांशी काही संबंध नाही. अर्धी नावे बंद करा म्हटले तर जोडाक्षरेही बंद केली, असा हा प्रकार. इथे वाद घालायला जागा नव्हती. हा बगच. २०१९ च्या पायथन ३.८ मध्ये तो दुरुस्त झाला आणि माहितीपुस्तकात तशी नोंदही केली गेली. दुरुस्तीला चार वर्षे का लागावीत, असे कोणी विचारील. माझा अंदाज असा की चुकीच्या वागण्यावरही कोणीतरी आपले घर बांधलेले असते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्या घराचीही काळजी वाटते.

अर्ध्या नावांची गोष्ट निघालीच आहे, तर तिचा एक भयंकर नमुना सांगतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची 'ध'चा 'मा' ही आख्यायिका आपल्याकडे सर्वांना माहीत आहे: 'धरावे'चे 'मारावे' झाले. जीएनयूच्या 'आरएम'मध्ये अक्षर बदलण्याचीही गरज नव्हती, गाळले तरी पुरे होते. या आज्ञेने संगणकाचे मूळ फोल्डर, म्हणजे झाडून सगळ्या फाईली, चुकून पुसू नयेत म्हणून तिला एक कुलूप आहे. कुलूप काढायचेच असेल, तर '--नो-प्रिझर्व्ह-रूट' असा मुद्दाम लांब ठेवलेला पर्याय लिहावा लागतो. लांब अशासाठी, की लिहिता लिहिता माणसाने दोनदा विचार करावा. पण पार्सर अर्धी नावे समजून घेणारा! आणि 'एन' अक्षराने सुरू होणारा दुसरा पर्याय 'आरएम'ला नव्हता. त्यामुळे दोन रेघा आणि एक 'एन' एवढ्यावर कुलूप उघडत होते. हा बग होता का? पार्सरने वचन दिल्याबरहुकूम काम केले. 'आरएम'च्या लेखकाने सामाईक पार्सर वापरला, त्यातही काही चूक नाही. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या आणि तिसरी वाईट निपजली. जीएनयूच्या मंडळींनी यावर शब्दांचा कीस न काढता या एका पर्यायापुरती अर्ध्या नावाची सवलत काढून घेतली. आज तो तोडून लिहिला, तर 'आरएम' तसे लिहिता येणार नाही असे स्पष्ट सांगते. मला हा निर्णय फार आवडतो. बग आहे की नाही हे ठरायच्या आधीही एखादी गोष्ट बदलणे शहाणपणाचे असू शकते.

आता केप टाउनकडे परत येऊ. आर्गपार्स तसे का वागतो, हे कळल्याशिवाय निवाडा करता येणार नाही.

गेटऑप्टच्या कुळातले पार्सर डावीकडून उजवीकडे एकेक शब्द वाचत जातात. '--प्लेस' वाचला, याला मूल्य लागते हे माहीत आहे, मग पुढचा शब्द कसाही असो, तेच मूल्य. त्यांना -३३.९,१८.४ मुळीच अडत नाही. आर्गपार्स मात्र कामाला लागण्यापूर्वीच सगळ्या शब्दांची चेहरा पाहून दोन गटांत विभागणी करतो: हा पर्याय दिसतो, हा साधा शब्द दिसतो. रेघेने सुरू होणारा शब्द पर्यायांच्या गटात जातो. पण मग उणे आकड्यांचे काय? म्हणून एक अपवाद ठेवला: शब्द निव्वळ उणे आकडा दिसत असेल, तर तो साधा शब्द. शब्दात मोकळी जागा असेल, तर कोणी पर्यायाच्या नावात मोकळी जागा ठेवत नाही, म्हणून तोही साधा शब्द. आता कोडे उलगडते. -३३.९ हा आकडा आहे. 'स्वल्पविराम आणि मोकळी जागा' असलेले रूपही सुटते. पण -३३.९,१८.४ हा आकडाही नाही आणि त्यात मोकळी जागाही नाही. म्हणून तो अनोळखी पर्याय ठरतो, आणि '--प्लेस' रिकाम्या हाताने उरतो. लंडनच्या जोडीत उणे चिन्ह दुसऱ्या आकड्याला आहे, शब्दाच्या तोंडाशी नाही, म्हणून लंडन वाचले.

ही पद्धत मूर्खपणाची आहे, असे मात्र घाईने म्हणू नका. समजा एखाद्याने '--आउटपुट'पुढे फाईलचे नाव द्यायचे विसरून थेट '--वर्बोज' असा दुसरा पर्याय लिहिला. गेटऑप्ट काय करील? '--वर्बोज' नावाची फाईल तयार करून मोकळा होईल, आणि माणसाला आपली चूक कळायला उशीर होईल. आर्गपार्स तिथल्या तिथे अडवतो. एक पार्सर विसरभोळ्याला वाचवतो, दुसरा केप टाउनच्या रहिवाशाला. दोघांनाही एकाच नियमाने वाचवणे अवघड आहे, कारण ओळीवर ती दोन माणसे सारखीच दिसतात.

आर्गपार्सच्या आधी पायथनमध्ये जो पार्सर प्रचलित होता, त्याला असली मूल्ये चालत असत. म्हणून आर्गपार्स पायथनमध्ये आला त्याच वर्षी, २०१० साली, हे मागे पडलेले पाऊल आहे अशी रीतसर तक्रार नोंदवली गेली. तिच्यावर दहा वर्षांहून अधिक काळ खल होत राहिला. एक बाजू म्हणे, आधी चालत होते ते बंद पडले, याला बग नाही तर काय म्हणावे? दुसरी बाजू म्हणे, रेघेने सुरू होणाऱ्या शब्दांबाबत आपण सावध राहतो, हे माहितीपुस्तकात लिहिलेले आहे. आणि वागणे बदलले तर जे आज अडवले जाण्यावर विसंबून आहेत, त्यांचे काय? शिवाय बरोबरचे चिन्ह घालून '--प्लेस=-३३.९,१८.४' असे जोडून लिहिले की काम होते.

माझे मत विचाराल, तर वचनाच्या कसोटीवर हा बग नाही. रचना मात्र सदोष आहे, कारण चेहरा पाहून माणसे निवडणाऱ्या दारवानाला अपवादांची यादी कधीच पुरत नाही. आणि एक गोष्ट मला निश्चितपणे बग वाटते, ती म्हणजे उत्तर. 'मूल्य अपेक्षित आहे' हे वाक्य त्या मैत्रिणीला खोटे वाटणारच. मूल्य तिने दिले आहे. 'तुम्ही दिलेला शब्द रेघेने सुरू होतो, म्हणून मी तो पर्याय समजलो. बरोबरचे चिन्ह वापरा' एवढे सांगितले असते, तर तक्रार कदाचित नोंदलीही गेली नसती.

या सगळ्याला अक्षरांचा खेळ समजू नये. पार्सरला दिसतो तो फक्त शब्द. तो कोठून आला हे त्याला दिसत नाही. फोल्डरमधल्या सगळ्या फाईली पुसायला 'आरएम' पुढे फुली, म्हणजे तारा लिहितात. शेल त्या ताऱ्याच्या जागी फाईलींची नावे भरतो आणि मग प्रोग्रॅमला देतो. त्यात '-आरएफ' अशा नावाची एखादी फाईल असेल, तर 'आरएम'च्या दृष्टीने तो पर्याय झाला, आणि नुसत्या फाईली जायच्या तिथे आतली फोल्डरेही जातात. जीएनयूची फेरजुळणी असेल, तर असे नाव यादीत कुठेही असले तरी चालते. यावर उपाय जुना आहे: आधी दोन रेघांचा एक सुटा शब्द लिहायचा, म्हणजे 'इथे पर्याय संपले'. पण तो लिहायची आठवण राहायला हवी.

हाच प्रकार वेबवर झाला तेव्हा फार महागात पडला. वेबपत्त्यात प्रश्नचिन्हापुढे जे लिहिलेले असते, त्यात बरोबरचे चिन्ह नसेल तर ते आज्ञेच्या ओळीतले शब्द म्हणून प्रोग्रॅमला द्यावे, अशी वेब सर्व्हरची एक जुनी रीत होती. पीएचपी ही वेबसाईट बनवण्याची भाषा त्या रीतीने चालवली जात असेल, तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि '-एस' लिहिले, की पान दिसण्याऐवजी त्या पानामागचा मूळ मजकूरच दिसू लागे. कारण '-एस' हा 'मजकूर दाखव' असा पर्याय होता. अशा मजकुरात पुष्कळदा माहितीसाठ्याचे पासवर्डही असतात. दुसरा एक पर्याय वापरून तर परक्याला त्या संगणकावर आपला प्रोग्रॅम चालवता येई. २०१२ च्या मे महिन्यात हे जगजाहीर झाले. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच दुसरी करावी लागली. आणि एवढ्यावर संपले नाही. २०२४ च्या जूनमध्ये असे उघड झाले की चिनी व जपानी भाषांसाठी मांडलेल्या विंडोजवर ही दुरुस्ती चुकवता येते. पत्त्यात साधी आडवी रेघ न लिहिता, ओळ तोडण्यासाठी असलेली अदृश्य रेघ लिहायची. पहारेकऱ्याला ती रेघ वाटत नसे, म्हणून तो सोडून देई. पुढे विंडोज स्वतःच तिची साधी रेघ करून देई. २०१२ मध्ये बंद केलेले दार बारा वर्षांनी एका जुळ्या रेघेने उघडले.

पार्सरने यात काय चूक केली? काहीही नाही. त्याने रेघ पाहिली आणि पर्याय वाचला. चूक होती ती परक्याने लिहिलेला मजकूर त्याच्यापर्यंत जाऊ देणाऱ्याची. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या प्रोग्रॅमरांच्या तिन्ही परिचित साधनांत अशाच धर्तीचे भोक सापडले: रेघेने सुरू होणारे संगणकाचे नाव दिले, की ते पुढच्या प्रोग्रॅमला पर्याय वाटे. गिटने रेघेने सुरू होणारी नावेच नाकारायला सुरुवात केली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक याचा निवाडा करत बसण्यापेक्षा ते बरे.

राहता राहिली आपली नाशिकची विद्यार्थिनी. तिला आर्गपार्स बदलता येणार नाही, आणि पायथनच्या मंडळींचा निकाल लागेपर्यंत थांबायलाही सवड नाही. तिच्यापुढे सोपी वाट आहे. एका '--प्लेस'ऐवजी तिने '--लॅट' आणि '--लाँग' असे दोन पर्याय ठेवावेत आणि प्रत्येकापुढे एकेकच आकडा घ्यावा. सुटा उणे आकडा आर्गपार्सला ओळखू येतो. केप टाउन चालेल, सिडनी चालेल, ब्युनोस आयर्सचे दोन्ही आकडे उणे आहेत, तेही चालतील. फक्त तिने आपल्या प्रोग्रॅमला '-१' अशा नावाचा पर्याय कधी देऊ नये. तसा एक जरी पर्याय असला, तर उणे आकड्यांना दिलेली सवलत आर्गपार्स काढून घेतो. हेही माहितीपुस्तकात लिहिलेले आहे.